मदत हवी आहे : लोकर महागली, पार्सल तर त्याहून

नमस्कार मैत्रिणींनो, मी चिपळूणची. क्रोशाचे बाळंतविडे करून देते. टोपडं, मोजे, स्वेटर, दुपटं. इथे ठरावीक रंगच मिळतात, म्हणून बाकीची लोकर लुधियानाहून मागवते.

वर्षभरात लोकर महागलीच, पण खरं कंबरडं मोडलंय ते पार्सलने. परवा तीन किलो लोकर मागवली, पैसे लागले आठ किलोचे! खोका ४५ × ३५ × २५ सेंटिमीटरचा. कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात आणि येईल ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असलं तर तेच धरतात. लोकर हलकी पण फुगीर, म्हणजे आपण हवेचं भाडं भरतो.

थोडी थोडी मागवावी तर डाय लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीची खेप, बदलतो. एका पिवळ्या दुपट्याला दोन गुंडे कमी पडले. नवे आले ते शेड नंबर तोच असूनही किंचित फिके. खिडकीपाशी धरलं की जोडावर सरळ रेघ दिसायची. तान्ह्या बाळासाठी असं कसं द्यायचं? सगळं उसवलं.

तुम्ही काय करता? विक्रेत्याला लोकर पिशवीत दाबून, हवा काढून पाठवायला सांगितलं तर चालतं का, की धागा चपटा होतो? पोस्टाने स्वस्त पडतं का? पुण्याहून एसटी पार्सलने कुणी मागवतं का? खेड, चिपळूण, रत्नागिरीकडच्या कुणी असाल तर एकत्र मागवू, खर्च वाटून घेऊ.

आणि जुन्या गिऱ्हाइकांना वाढलेला भाव कसा सांगता, तेही सांगा. माझी जीभच रेटत नाही.