विद्यापीठाने शाळांसाठी दार उघडायचे, ते एकाच दिवसासाठी का?

अनुबंध:
'विद्यापीठांनी वर्षातून एक दिवस आपल्या प्रयोगशाळा शाळकरी मुलांना दाखवल्या, की प्रेरणा आपोआप मिळते,' अशा आशयाचा लेख येथे नुकताच वाचला. त्याखालचा वाहवांचा पाऊस पाहून राहवले नाही. अशा दिवशी मुलांच्या वाट्याला काय येते, ते मी जवळून पाहिले आहे. सूक्ष्मदर्शकासमोर लांबलचक रांग लागते, प्रत्येकाला भिंगाला डोळा लावायला जेमतेम काही क्षण मिळतात, आणि पहिल्यांदाच भिंगातून पाहणाऱ्या मुलाला तेवढ्या वेळात बहुधा स्वतःच्या पापण्याच दिसतात. 'दिसले का?' या प्रश्नाला ते 'हो' म्हणते, कारण मागचा ढकलत असतो. अहवालात त्याची नोंद 'लाभार्थी' म्हणून होते.

विद्यापीठाने आपले बळ मुलांना दिपवण्यापेक्षा त्यांच्या शिक्षकांसाठी वापरावे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. त्यात दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक शाळेच्या शिक्षकांबरोबर बसून साध्या साहित्याचे प्रयोग रचत होते, आणि १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला. एका दिवसाच्या जत्रेतून असे काही उभे राहिले असेल, तर कोणी दाखवून द्यावे.

दुर्बीण:
दाखवतो. पुस्तकबांधणी शिकणाऱ्या मायकेल फॅरडेने १८१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची अवघी चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतः बांधून त्यांना पाठवली, आणि पुढचा इतिहास शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. १८२५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू झालेली नाताळची व्याख्याने त्याच फॅरडेने पुढे अनेक वर्षे मुलांसाठी दिली. माझ्यापुरते सांगायचे, तर अशाच एका 'जत्रेत' मी दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली आणि विज्ञान शाखेकडे वळलो. शिवाय होशंगाबादचा शेवट आपण सोयीस्करपणे गाळलात. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. शिक्षकांवर खर्च केलेले बळ एका आदेशाने पुसले जाते. मुलाने जे डोळ्यांनी पाहिले, ते कोणालाही रद्द करता येत नाही.

अनुबंध:
फॅरडेची कथा आपणही अर्धीच सांगितलीत. त्याला १८१३ मध्ये डेव्हींनी प्रयोगशाळेत नोकरी दिली. व्याख्यानानंतर त्याला 'छान, आता पुढच्या वर्षी या' असे सांगून घरी पाठवले असते, तर तो जन्मभर पुस्तकेच बांधत बसला असता.

खडूफळा:
आपणा दोघांच्या वादात शिक्षक म्हणजे वर्गातले कपाट आहे, जिकडे सरकवाल तिकडे सरकणारे. विद्यापीठ त्याच्या सोयीचा दिवस ठरवते. पालकांची संमतिपत्रे, वाहनाची परवानगी आणि शेवटी छायाचित्रांसह अहवाल ही सारी जबाबदारी आमची. शाळेला काय हवे आहे, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. आमच्याकडे एका विद्यापीठाचे विद्यार्थी गणित शिकवायला येत असत. त्यांच्या परीक्षा जवळ आल्या तसे एकेक करून यायचे थांबले, आणि कोणी साधा निरोपही दिला नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी त्यानंतर कितीतरी दिवस, ताईने दिलेली उदाहरणे सोडवलेली वही घेऊन मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी राहायची. तिला काय सांगायचे, हे प्रेरणेच्या कोणत्या परिपत्रकात लिहिले आहे?

उलटतपासणी:
विद्यार्थी गळतात, कारण त्यांना फुकट राबवले जाते. इस्रायलमध्ये वाइझमन या विज्ञान संशोधन संस्थेतून १९७० च्या दशकात सुरू झालेल्या पेराख योजनेत विद्यार्थी वर्षभर एकाच मुलाला नियमित भेटतो आणि त्या बदल्यात त्याला शुल्काचा काही भाग भागवणारी शिष्यवृत्ती मिळते. आपल्याकडे मात्र मोबदल्याचा विषय काढला, की सेवाभावाचे प्रवचन सुरू होते.

अनुबंध:
मोबदला किंवा श्रेयांक जोडले, की खोट्या हजेऱ्या सुरू होतात. एका बैठकीत महिनाभराच्या सह्या ठोकणारे महाभाग मी पाहिले आहेत. मुलांशी नाते जोडण्याच्या कामाची अशी मजुरी ठरवणे मला तरी पटत नाही.

उलटतपासणी:
तत्त्वाच्या गोष्टी पोट भरलेल्यांनी सांगाव्यात! महाविद्यालयात असताना मी संध्याकाळी शिकवण्या घेऊन स्वतःचे शुल्क भरत होतो, त्यामुळे अशा सेवाभावी उपक्रमांत पाऊल ठेवणे मला कधीच परवडले नाही. परिणाम असा, की ज्या मुलांना आपल्यासारख्याच घरातून विद्यापीठात पोहोचलेला एखादा दादा दिसायला हवा होता, त्यांच्यासमोर उभी राहिली ती सुखवस्तू घरांतली मुले. खोट्या सह्यांची भीती वाटते, म्हणून आपण गरीब विद्यार्थ्यालाच बाहेर ठेवता आहात, आणि वर त्याला नाते म्हणता.

अनुबंध:
माझ्या पोटाची चौकशी केल्याबद्दल आभारी आहे. मी गरीब विद्यार्थ्याला बाहेर ठेवा असे कोठेही म्हटलेले नाही. माझा आक्षेप हजेरीपत्रकाला आहे.

दुर्बीण:
मग हजेरीपत्रकाशिवायचा मार्ग घ्या. १९६४ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ इस्राएल गेलफांद यांच्या पुढाकाराने मॉस्को विद्यापीठाशी जोडलेली गणिताची पत्रशाळा सुरू झाली. मुले टपालाने उत्तरे पाठवत आणि विद्यापीठाचे विद्यार्थी ती तपासून, शेरे लिहून परत करत. शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली मुलांचा गटही 'एक विद्यार्थी' म्हणून नाव नोंदवू शकत असे, म्हणजे येथील कपाटाचीही सोय होती. त्यात जत्रा नव्हती, हे अनुबंध यांच्या समाधानासाठी मान्य करून टाकतो. शनीची कडी मात्र मी सोडणार नाही.

अनुबंध:
कडी आपल्यालाच लखलाभ. तपासलेल्या वहीवर मोबदला देणार असाल, तर माझी हरकत नाही, कारण उडत उडत तपासलेली वही पहिल्याच पानावर पकडता येते. उलटतपासणी यांनी हा माझा पराभव समजून खुशाल आनंद मानावा.

खडूफळा:
वह्या पाठवायला मी तयार आहे. मात्र त्या परीक्षेपूर्वी परत आल्या पाहिजेत, तपासणारा मध्येच बदलणार असेल तर तसे आधी कळवले पाहिजे, आणि वह्यांबरोबर माझे छायाचित्र काढायला कोणी येऊ नये.