‘सब्स्टिट्यूशन’ची रीत: आदेश, प्रतिस्थापन की ‘किंमत घालणे’?

प्रश्न: एक रेषीय आणि एक वर्गसमीकरण अशी जोडी सोडवण्याच्या ‘सब्स्टिट्यूशन’ रीतीला मराठीत काय म्हणावं? शाळेतल्या मुलांसाठी टिपणं लिहिते आहे. ‘पर्यायी पद्धत’ चालेल का? की हिंदीतला ‘प्रतिस्थापन’ घ्यावा?

उत्तर: ‘पर्यायी पद्धत’ नकोच. तिचा अर्थ ‘दुसरी एखादी पद्धत’ असा होतो. ‘प्रतियोजन’ रसायनशास्त्रात रुळला आहे (मिथेनमधल्या हायड्रोजनची जागा क्लोरीन घेतो ते), तो तिथेच राहू द्या. ‘प्रतिस्थापन’ चूक नाही, पण मला ‘आदेश’ जास्त नेमका वाटतो. हुकूम या अर्थाचा नव्हे, व्याकरणातला. ‘यदि + अपि’चं ‘यद्यपि’ होताना ‘इ’च्या जागी ‘य्’ येतो, तो आदेश. एक जाऊन त्याच्याच जागी दुसरं येणं, एवढाच अर्थ. गुजराती पाठ्यपुस्तकांत या रीतीला ‘आदेशनी रीत’च म्हणतात. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ.स. ११५०) यासाठी ‘उत्थापन’ आहे. सुंदर शब्द, पण आज तो समजावूनच सांगावा लागेल.

प्रश्नकर्ती: वर्गात आम्ही ‘क्षची किंमत घालू’ असंच म्हणतो. टिपणांतही तेच ठेवलं तर?

उत्तर: ठेवा, पण जपून. ‘किंमत’ म्हटलं की मुलं संख्या शोधू लागतात, आणि इथे जागी येते ती अख्खी राशी. लीलावतीतलं उदाहरण घ्या: दोन संख्यांमधला फरक ८, त्यांच्या वर्गांमधला फरक ४००. मोठी क्ष, लहान य. मग क्ष = य + ८. क्ष किती हे अजून कळलेलं नाही, तरी त्याच्या जागी काय ठेवायचं ते कळलं आहे! म्हणून मी ‘क्षच्या जागी (य + ८) ठेवू’ असं म्हणेन. कंसासकट, कारण कंस सुटला की (य + ८)² चं य² + ६४ होतं आणि १६य हरवतं. नीट मांडलं तर (य + ८)² − य² = ४००, दोन्ही वर्ग उडतात, १६य + ६४ = ४०० उरतं. य = २१, क्ष = २९. भास्कराचार्य स्वतः ४०० ला ८ ने भागून बेरीज ५० काढतात आणि बेरीज-फरकावरून संख्या मिळवतात. त्यांची वाट छोटी आहे, पण ती अशाच प्रश्नांना लागू पडते.

आणखी एक उत्तर: ‘मूळ’ आणि ‘उकल’ यांतला फरकही टिपणांत असू द्या. य = क्ष + १ आणि क्ष² + य² = २५ घेतलं, तर आदेशानंतर क्ष² + क्ष − १२ = ० मिळतं. त्याची मुळं ३ आणि −४. ही मुळं आहेत, उकल अजून व्हायची आहे. ती रेषीय समीकरणात ठेवा: (३, ४) आणि (−४, −३), या दोन उकली. क्ष² + य² = २५ या वर्तुळाच्या समीकरणात ठेवलीत तर ३ साठी य = ±४ येतं, आणि (३, −४) हा बिंदू वर्तुळावर असला तरी रेषेवर नाही.

प्रश्नकर्ती: आणि विवेचक (b² − 4ac, ज्यावरून वर्गसमीकरणाची मुळं कशी आहेत ते कळतं) शून्य आला तर?

उत्तर: मुळं समान, म्हणून उकल एकच. इथल्यासारखं वर्तुळ असेल तर रेषा त्याची स्पर्शिका असते. विवेचक ऋण असेल तर ती वर्तुळाला भेटतच नाही, तेव्हा ‘वास्तव उकल नाही’ असं लिहायचं. नुसतं ‘उकल नाही’ लिहू नका.