साबुदाणा वडे तेलात फुटले, सासूबाईंचा हात भाजला. चुकलं कुठे?

अनघा_कल्याण
आषाढीला घडलेलं सांगते. आमच्याकडे एकादशीला साबुदाणा वडे ठरलेले. आई (सासूबाई) चाळीस वर्षं करताहेत, मी नुसती थापून द्यायला. पहिले दोन घाणे छान निघाले. तिसरा कढईत पडला आणि फट्ट! फटाका वाजावा तसा एक वडा फुटला, पाठोपाठ दुसरा. तेल ओट्यावर, टाइल्सवर, थेट चिमणीच्या जाळीपर्यंत. आईंच्या उजव्या मनगटावर आणि हनुवटीखाली उडालं. नशीब चष्मा होता. काचेवर वाळलेले दोन थेंब संध्याकाळी दिसले तेव्हा माझे पाय लटपटले.

मी गॅस बंद करायचा सोडून त्यांना ओढायला गेले. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या, ती लावलीही. डॉक्टरांनी ती पुसून काढताना आईंचे हाल बघवत नव्हते.

प्रमाण नेहमीचंच: दोन वाट्या साबुदाणा, तीन बटाटे, वाटीभर कूट, मिरच्या, जिरं, मीठ. (जिरं उपासाला चालतं का, यावर कृपया इथे भांडू नका.) वेगळं एवढंच की सकाळी साबुदाणा कोरडा वाटला म्हणून मी पाण्याचा हबका मारला होता. बटाटे कुकरमध्ये पाण्यातच उकडले होते. आईंनी आता वडे कायमचे बंद म्हणून जाहीर केलंय.

फराळवाली_सांगली
अगं, उत्तर तूच लिहिलंयस की! तो हबका. आयत्या वेळी मारलेलं पाणी दाण्यात मुरत नाही, गोळ्यात तसंच राहतं.

मी एकादशीच्या ऑर्डरी घेते, दोनशेच्या घरात वडे जातात, त्यामुळे चटके खाऊनच शिकले आहे. साबुदाणा दोन-तीनदा धुवायचा आणि पाणी दाण्याच्या जेमतेम वर येईल एवढंच ठेवायचं. सकाळी एक दाणा चिमटीत दाबून बघ. पिठासारखा सपाट झाला पाहिजे. मधे टणक कणी लागली तर अजून वेळ दे. कच्चा दाणाही उडतो. उलट हाताला ओल लागली तर पंच्यावर पसरून पंख्याखाली अर्धा तास. बटाटे कुकरच्या डब्यात, पाणी न घालता उकड. सोलून पूर्ण गार होऊ दे आणि मगच किस. कुस्करलेल्यात गाठी राहतात.

वडा लाडवासारखा गोल नको. चपटा थाप आणि मधे बोटाने आरपार भोक पाड, मेदूवड्यासारखं. वाफेला वाट मिळते. मिरची वाटूनच घाल. कढई निम्म्याच्या वर भरू नको, एका वेळी चार वडे पुरेत, आणि सोडल्यावर लगेच झाऱ्याने टोचत बसू नको.

निखिल_पिंपरी
सांगलीच्या काकूंनी सांगितलेल्या भोकामागचं कारण: तेल असतं साधारण १७०-१८० अंशांवर, पाण्याची वाफ १०० लाच होते आणि वाफ झाली की पाणी दीड हजार पटींहून जास्त जागा मागतं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. गरम झाला की चिकट होतो आणि वड्याभोवती रबरासारखं कवच धरतो. आत वाफ कोंडते, कवच ताणतं, फुटतं. बटाटावड्याचं बेसन इतकं चिवट नसतं. आच फार मोठी असेल तर कवच आणखी लवकर आवळतं. तिसऱ्या घाण्यापर्यंत तुमचं तेल जास्तच तापलं असणार.

सिस्टर_नागपूर
मी नर्स आहे. भाजल्याभाजल्या नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून, लोक दोन मिनिटांत हात काढतात. त्याआधी बांगड्या आणि अंगठी उतरवा, सूज आली की निघत नाहीत. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काहीही नको. फोड फोडू नका. चेहऱ्यावर किंवा डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत राहा आणि थेट दवाखाना.

तेलाने पेट घेतला तर गॅस बंद, वर मोठं झाकण किंवा परात सरकवा आणि गार होईपर्यंत उचलू नका. पाणी ओतलंत तर निखिल म्हणतोय तीच वाफ पेटतं तेल घरभर उडवेल. पेटलेली कढई उचलून मोरीकडे पळू नका.

अनघा_कल्याण
सगळ्यांना धन्यवाद. काल नुसती चाचणी म्हणून अर्ध्या प्रमाणाचे केले. बटाटे डब्यात उकडले, भोकं पाडली, आच मध्यम. दहापैकी एकही फुटला नाही. पहिला वडा मात्र मी परातीच्या आडून सोडला. आई दारातून बघत होत्या. भोक बघून म्हणाल्या, "हे वडे आहेत की बांगड्या?" आणि तीन खाल्ले.