खिचडीवरचं तिखट तेल : एकदा जळालं, एकदा आंबलं

पारोळ्याची_लेक
नमस्कार मंडळी. आमच्याकडे रात्रीच्या खिचडीवर लसूण-मिरचीचं तेल नसलं तर ताट सरकवतात. सासूबाई रोज पळीत ताजं करायच्या, प्रश्नच नव्हता. आता मुलगा पुण्याला हॉस्टेलला गेलाय, मेसची खिचडी म्हणे पेशंटला देतात तशी, म्हणून त्याला एक बाटली भरून द्यायचीय. पहिल्यांदा तेलाला चांगला धूर येऊ दिला आणि तिखट टाकलं, फस्स करून दोन सेकंदांत काळं, सगळे खोकत अंगणात. दुसऱ्यांदा शहाणपणा करून मंद गॅसवर हिरवी मिरची नि लसूण ठेचून घातला, मस्त झालं होतं, बाटली ओट्यावर ठेवली तर आठ दिवसांनी झाकण उघडताना फुस्स आवाज, आत बुडबुडे, वास आंबूस. टाकून दिलं, पण जीव हळहळला, घाण्याचं शेंगदाणा तेल होतं हो. महिनाभर टिकेल असं कुणी करतं का?

नंदुरबारी_तडका
ताई, तेल जास्ती तपी गयं व्हई 😄 तिखटाची पूड किती बारीक असते, धुरावलेल्या तेलात जळणारच. मी असं करतो, वाटीभर तेल धूर दिसेपर्यंत तापवायचं (कच्चा वास जायला), गॅस बंद, मग सहा-सात मिनिटं हातच लावायचा नाही. नंतर चिमूटभर तिखट टाकून बघा, हळूहळू फेसाळलं आणि लालच राहिलं तर तेल बरोबर, तपकिरी झालं तर अजून थांबा. स्टीलच्या भांड्यात तीन-चार चमचे जाडसर कुटलेली मिरची बियांसकट घ्या आणि हे तेल एकदम न ओतता तीनदा थोडं थोडं घाला. मिरची रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी, अर्धी अर्धी. नुसती लवंगी घेतलीत तर तिखट होईल पण तर्री दिसणार नाही. रात्रभर झाकून ठेवा, रंग नि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतं, सकाळी बघा कसं लालभडक होतं ते. मीठ घालू नका, तेलात विरघळत नाही, तळाशी बसतं आणि शेवटच्या चमच्याला खारट लागतं. मिरची मात्र कडकडीत वाळलेली हवी. आमच्याकडे थंडीत ओली लाल मिरची पथारीवर पसरलेली असते, तिथून जाताना नाकाला रुमाल लागतो, पण हातात घेऊन मोडली की कट्‌कन आवाज येईपर्यंत ती कुटायची नसते.

भुसावळ_फूडटेक
वरचं सगळं बरोबर, पण लसणाचं कुणी बोललंच नाही. ताई, तुम्ही ते तेल टाकून दिलंत हे फार बरं केलंत. ओला लसूण आणि ओली मिरची, दोन्हींत पाणी असतं, आंबटपणा जवळपास नाही, वरून तेलामुळे हवा बंद. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूला हेच हवं असतं. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि विष तयार झालं तरी वास-चव बदलेलच असं नाही, तुमच्या बाटलीने निदान फुस्स करून सांगितलं तरी. दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास असं काही झालं तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना. ओल्या लसणाचं तेल फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत संपवायचं. व्हिनेगर ओतून काम होत नाही, ते तेलात मिसळतच नाही.

यावलच्या_काकू
आम्ही जन्मभर लसणाचं तेल खाल्लं बाई, कुणाला काही झालं नाही.

भुसावळ_फूडटेक
काकू, तुम्ही पळीत केलं आणि लगेच ताटात ओतलं, त्यात काहीच धोका नाही. धोका बाटलीत भरून ओट्यावर ठेवण्यात आहे, त्यात आपल्याकडचा मे महिना म्हणजे घरातच भट्टी.

यावलच्या_काकू
हाव, ते मान्य. मग पोराला तेल नि लसूण वेगवेगळं द्या ना. तेल फक्त कोरड्या मिरचीचं, नंदुरबारवाल्या भाऊंनी सांगितलं तसं. सोबत सुकं खोबरं, लाल तिखट नि वाळवलेल्या लसणाची कोरडी चटणी डब्यात. खिचडीवर आधी चटणी भुरभुरायची, वरून चमचाभर तेल. बाटली धुतल्यावर उन्हात वाळवा, थेंबभर पाणी राहायला नको, आणि पोराला सांगा ओला चमचा बुडवायचा नाही (ऐकणार नाही, पण सांगा). घाण्याचं तेल जास्त दिवस ठेवलं की खवट होतं, म्हणून मोठी बाटली देऊच नका, छोट्या दोन द्या.

पारोळ्याची_लेक
काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. काल वाटीभर करून पाहिलं, दोनदा धीर सुटला आणि तेल लवकर ओतलं, तरी या वेळी काळं नाही झालं, जरा तपकिरीकडे झुकलंय एवढंच. तळाशी बसलेला मिरचीचा गाळ टाकू का ठेवू?

नंदुरबारी_तडका
टाकता काय! कळण्याच्या भाकरीवर लावा, नाहीतर शेवभाजीच्या रश्श्यात सोडा. बाटलीत मात्र गाळूनच भरा.