मदत हवी आहे: पुढच्या दाराच्या पायऱ्या, काळा दगड आणि वीट

घर वाई तालुक्यात, जमीन काळ्या मातीची. ओट्याची उंची अडीच फूट, पाच पायऱ्या, रुंदी पाच फूट. सध्याच्या पायऱ्या विटांच्या, वरून सिमेंट गिलावा. त्या घराच्या जोत्यापासून (भिंतींखालच्या चौथऱ्यापासून) सुटल्यात. उन्हाळ्यात मधल्या भेगेत बोट जातं, पावसाळ्यात ती जवळजवळ मिटते. सिमेंट आणि वॉटरप्रूफिंग केमिकल भरून झालं, पुढच्या उन्हाळ्यात भेग परत तिथेच. त्यामुळे आता मलमपट्टी नको, सगळं काढून नव्याने करायचंय.

विचार असा: बाजू आणि उभे भाग भाजक्या विटांचे, पाय ठेवायला घडीव काळा दगड. ग्रॅनाइट, कोटा सुचवू नका. आईचे गुडघे दुखतात, पॉलिश केलेल्या पायरीवर ओल्यात ती उभीच राहणार नाही. म्हणून दगडाला टाकी लावलेलीच (छिन्नीने ठोकून खरखरीत केलेलाच) हवी. पायरी सहा इंचांहून उंच चालणार नाही.

गवंडी म्हणतो, जोत्यात सळया घालून पायऱ्या बांधून टाकू. पाथरवट म्हणतो, अजिबात नको; माती हलली की जोतंही ओढलं जाईल, वेगळा पाया घ्या आणि मध्ये फट ठेवा. मला दुसरं पटतंय, पण पाया किती खोल घ्यायचा याबद्दल दोघंही मोघम.

मुरूम बराच खाली आहे, तिथवर खोदणं परवडणारं नाही. काम पावसाआधी उरकायचंय.

काळ्या मातीत ज्यांनी अशा पायऱ्या केल्यात त्यांनी सांगा: माती किती फूट काढून मुरूम भरला? फटीत पाणी जाऊ नये म्हणून काय भरलं? आणि विटांना गिलावा केला की नुसत्या दर्जा (विटांमधले सांधे) भरल्या?