पोटापाण्याची धावपळ आणि प्रभूसाठी वेळ: तुमचे अनुभव लिहा

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. मागच्या आठवड्यात बायबल स्टडीत लूकच्या शुभवर्तमानाचा 12 वा अध्याय चाललेला, कोठारं पाडून मोठी बांधू बघणारा आणि त्याच रात्री जीव जाणारा तो धनवान माणूस, आणि घरी येताना एकदम जाणवलं की गेले चार महिने घराच्या स्लॅबशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, उपासनेत बसलो तरी वाळूचा भाव. बेळगावात मिशनचं काम 1820 पासनं आहे, आमच्या घरातली ही चौथी पिढी, सार्वकालिक जीवन हा शब्द लहानपणापासनं तोंडात, मग दिवस जातोय कुठं? वचनं सगळ्यांना पाठ आहेत, तुमच्या घरात काय घडलं ते लिहा.

उद्यमबाग, बेळगाव
मी फौंड्रीत आहे. पोरीची फी भरायची होती म्हणून रविवारचा ओव्हरटाइम धरला, फी भरून झाली तरी सुटला नाही. दशांशाचं, म्हणजे कमाईतला दहावा वाटा देवाला द्यायचा त्याचं, पाकीट मात्र बायकोबरोबर दर महिन्याला चर्चला जायचं, त्यामुळं मला वाटायचं आपलं बरोबर चाललंय. एकदा मंडळीतले एक काका रस्त्यात भेटले, हात धरून म्हणाले, पाकीट येतंय बाळा, तू कधी येणार? आता महिन्यातनं एकच रविवार कामावर जातो. गाडीचा हप्ता भरताना ओढाताण होते, ते लपवणार नाही.

अथणी तालुका
आमच्याकडं ऊसतोडीची टोळी नेमकी रविवारी पहाटे आली. परत पाठवली तर पुन्हा पाळी कधी लागेल भरवसा नाही, ऊस वाळला की वजन घटतंय. मी शेतातच थांबलो आणि दिवसभर मनाला लागून राहिलं. पाळकसाहेबांनी लूक 14:5 काढून दाखवलं, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल कोण लगेच वर काढणार नाही? बरं वाटलं. पण टोळी वर्षातनं एकदाच येते, आणि पाण्याची पाळी, लग्नं, बाजार करत मी बाकीचे पण कितीतरी रविवार घालवले होते, ते घरी आल्यावर आठवलं.

खानापूर
धाग्यात लूक 12 आलंय म्हणून लिहितो. त्याच्या जरा वर, 13 व्या वचनात, गर्दीतला एकजण येशूला म्हणतो की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि कोठारांचा दाखला त्यावरनंच निघालाय. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा थोरल्या भावाबरोबरची आमची केस आठव्या वर्षात होती. तारखेच्या दिवशी सकाळी मी गुडघ्यावर बसायचो, पण मागणं एकच, निकाल आपल्या बाजूनं लागू दे. नंतर वहिनी दवाखान्यात ॲडमिट झाली म्हणून गेलो. भाऊ बाहेर बाकड्यावर बसलेला. कोणच बोललं नाही. थोड्या वेळानं त्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि बाकड्यावरनं माझ्याकडं सरकवला. झाकण एकच, मी पिऊन परत दिलं, मग त्यानं त्यातच स्वतःला ओतून घेतला. पुढच्या महिन्यात केस मागं घेतली, बांधालगतचे 2 गुंठे सोडले. बायको अजून नाराज आहे आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, आमची विहीर त्याच 2 गुंठ्यात होती.

(धागा सुरू करणारा)
खानापूरचे दादा, 13 वं वचन मी इतक्या वेळा वाचलंय पण त्या माणसाकडं कधी लक्षच गेलं नव्हतं. वहिनींना आमचा सलाम सांगा.

निपाणी
आजी सांगते तसं टाइप करतोय. आजोबा गेल्यावर तिनं बिड्या वळून तीन पोरं वाढवली. प्रार्थनेला वेगळा वेळ कुठला, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि एका जुडीला एक स्तोत्र असं तिनं ठरवलेलं. 121 वं पहिल्या जुडीला, 'मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो'. आता नजर अधू झालीय, पानं आई कापून देते, स्तोत्र ती म्हणते, आणि एखादी ओळ विसरली की आतनं आई पुढची ओळ म्हणते.