आर-२२च्या जुन्या एसीत आर-२९० भरावा का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
नमस्कार. मी सहा वर्षांपासून एसी-फ्रिज दुरुस्तीचे काम करतो. एका बंगल्यातील दीड टनाच्या जुन्या स्प्लिट एसीत आर-२२ हा थंडावा देणारा गॅस आहे आणि त्याची इनडोअर कॉइल (खोलीतल्या युनिटमधली गॅसची नळी) गळकी निघाली आहे. आर-२२ आणि आर-२९० या दोन्ही गॅसचे प्रेशर जवळपास सारखेच असते, म्हणून स्वस्त पडणारा आर-२९० भरून द्यावा, असा ग्राहकाचा आग्रह आहे. शिवाय कॉइल काढण्यापूर्वी उरलेला गॅस हवेत सोडण्याची आमच्याकडे सर्रास पद्धत असून मीही आजवर तेच करत आलो. हे दोन्ही कितपत योग्य आहे, ते जाणकारांनी सांगावे.

उत्तर (कुपवाड)
प्रेशरचे म्हणणे खरे आहे, परंतु आर-२९० म्हणजे प्रोपेन, हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगा. जिथे एक किलो आर-२२ लागतो, तिथे हा साधारण ४५० ग्रॅम लागेल. एका घनमीटर हवेत सुमारे ३८ ग्रॅम प्रोपेन मिसळला की ती हवा पेट घेऊ शकते, आणि हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने फरशीलगत साठतो. म्हणजे १० बाय १२ फुटांच्या बंद खोलीत सगळा गॅस गळला, तर जमिनीपासून सुमारे एक मीटरपर्यंतची, अर्थात झोपलेल्या माणसाभोवतीची हवा पेटण्याजोगी होऊ शकते. आर-२९०साठीच बनवलेल्या एसीत गॅसचे प्रमाण मर्यादित असते आणि विजेचे भाग ठिणगीचा धोका धरून निवडलेले असतात; जुन्या एसीत यांपैकी काहीच नसते. ग्राहक दुरावला तरी चालेल, पण हे काम करू नका. आर-३२ हा आणखी एक एसीचा गॅसही त्यात चालणार नाही, कारण त्याचे प्रेशर बरेच जास्त असते.

उत्तर (मिरज)
दुसऱ्या मुद्द्याविषयी लिहितो. एक किलो आर-२२ हवेत सोडणे हे तापमानवाढीच्या दृष्टीने सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे, शिवाय ओझोनची हानी होते ती वेगळीच. ओझोन वाचवण्यासाठीच्या १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्याकडे २००० साली नियम झाले, आणि २०२५पासून नवी उपकरणे बनवताना आर-२२च्या वर्गातील वायू वापरता येत नाहीत. जुन्या यंत्रांसाठीचा पुरवठाही आटत जाणार असल्याने वाचवलेला गॅस उपयोगाचाच आहे.

मात्र कॉइल गळकी असताना पंप डाऊन, म्हणजे कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेणे, करू नका. सक्शनचे, म्हणजे गॅस ओढणाऱ्या बाजूचे, प्रेशर शून्याखाली गेले की छिद्रातून हवा ओढली जाते, आणि ती तेलासह दाबली गेल्यास कॉम्प्रेसर फुटू शकतो. रिकव्हरी मशिनने (एसीतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणाऱ्या यंत्राने) गॅस काढतानाही प्रेशरचे गेज शून्यावर येताच थांबावे, आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये. नव्या कॉइलची गळती तपासण्यासाठी फक्त कोरडा नायट्रोजन वापरा. ऑक्सिजनने प्रेशर दिल्यास तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आर-२९०ला नकार कळवतो. रिकव्हरी मशिन एकट्याला परवडणारे नाही. आम्ही तिघांनी मिळून घेतले तर चालेल का?

उत्तर (मिरज)
अवश्य घ्या. फक्त ते आर-३२सारख्या ज्वलनशील वायूंसाठीही योग्य असल्याची खात्री करून घ्या, आणि प्रत्येक वायूचा सिलिंडर वेगळा ठेवून त्यावर नाव लिहा. दोन वायू एकत्र झाले की ते पुन्हा वापरता येत नाहीत.